अंगठा आधी, कागद मागाहून

आमच्या आजोबांच्या वेळची एक गोष्ट आमच्या घरात अजून सांगितली जाते. ऐन पेरणीत बैल मेला. आजोबा एका सावकाराच्या दारी गेले. सावकाराने रुपये मोजून दिले, कोरा स्टँपाचा कागद पुढे सरकवला आणि म्हणाला, "बाबा, तुला घाई आहे, मलाही आहे. अंगठा करून जा. मजकूर मागाहून लिहू." आजोबांनी अंगठा केला. सुगी झाल्यावर कागद बाहेर आला, तो त्यात बैलाच्या रुपयांपोटी विहिरीजवळचा तुकडा लिहून दिलेला! आजोबा म्हणाले, "हे मी कबूल केले नव्हते." सावकार म्हणाला, "मग हा अंगठा कोणाचा?" यावर आजोबांजवळ उत्तर नव्हते. अंगठा त्यांचाच होता.

वाचक म्हणतील, मास्तरांनी आज हे घरचे रडगाणे कशास काढले? त्याचे कारण असे की, परवा पारावर वर्तमानपत्राचे वाचन चालले असता विलायतेचा विषय निघाला. ब्रिटन देश युरोपच्या संघातून बाहेर पडला, आता तेथले पुष्कळ लोक पस्तावले आहेत, अशी ती बातमी होती. एकाने विचारले, "मास्तर, वाटेत तोटा दिसू लागला होता, तर त्यांनी तो बेत तेव्हाच का सोडून दिला नाही?" दुसरा लगेच म्हणाला, "वा! पंचांपुढे दिलेला शब्द का फिरवायचा?" प्रश्न दोघांचेही खरे आहेत. म्हणून आम्ही ठरवले की, यावर आमचे मत सविस्तर मांडावे.

प्रथम हकीकत. दुसऱ्या महायुद्धात युरोपची राखरांगोळी झाली. पुन्हा आपसांत लढू नये म्हणून फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जम, हॉलंड व लक्झेंबर्ग या सहा देशांनी आधी कोळसा व पोलाद यांचा कारभार एकत्र केला आणि १९५७ साली रोम शहरी करार करून एक सामाईक बाजार उभारला. देशादेशांतली जकात उठवावी, माल व माणूस मोकळा फिरावा, शेतकऱ्यास सर्वांनी मिळून मदत द्यावी, असा तो बेत होता. ब्रिटन त्यात १ जानेवारी १९७३ रोजी शिरले. पुढे या मंडळाचा युरोपीय संघ झाला आणि सभासद अठ्ठावीसपर्यंत वाढले.

२३ जून २०१६ रोजी ब्रिटनच्या सरकारने लोकांस विचारले, संघात राहावयाचे की बाहेर पडावयाचे? १ कोटी ७४ लाख लोकांनी बाहेर पडा म्हटले. १ कोटी ६१ लाखांनी राहा म्हटले. शेकड्याने सांगावयाचे तर ५१.९ आणि ४८.१. इंग्लंड व वेल्स बाहेरच्या बाजूस गेले. स्कॉटलंड व उत्तर आयर्लंड आतल्या बाजूस राहिले. मुख्य प्रधान कॅमेरन यांनी गादी सोडली व थेरेसा मे त्या जागी आल्या. २९ मार्च २०१७ रोजी त्यांनी संघास नोटीस दिली. नोटिशीची मुदत दोन वर्षांची. या दोन वर्षांत सोडचिठ्ठीच्या अटी ठरवावयाच्या होत्या.

आता मुद्दा ध्यानात घ्या. लोकांनी कौल दिला तेव्हा अटी कोणास ठाऊक होत्या? कोणासही नाही. बाहेर पडणे ही काही एकच एक वस्तू नव्हे. नॉर्वे देश संघाबाहेर आहे, पण संघाच्या बाजारात आहे. तो संघाचे बहुतेक नियम पाळतो, पैसेही भरतो. स्वित्झर्लंडने तुकड्या-तुकड्याने वेगवेगळे करार केले आहेत. कॅनडाने दुरून व्यापाराचा करार केला आहे. यांपैकी कोणत्या रीतीने बाहेर, हे मतपत्रिकेवर नव्हते. सुताराकडे जाऊन "अवजार करून ठेव" म्हणून इसार द्यावा, पण नांगर हवा, कुळव हवा की तिफण हवी ते सांगू नये, अशातला तो प्रकार होता. मग सुताराने नांगर घडवला की एक म्हणणार, "मी तिफण सांगितली होती." दुसरा म्हणणार, "मला कुळव हवा होता." आणि सुतार म्हणणार, "इसार तर तुम्हीच दिलात!"

त्यातून खोटेही पुष्कळ बोलले गेले. एका मोटारबसवर मोठ्या अक्षरांत लिहून गावोगाव फिरवले की, आपण संघास दर आठवड्यास ३५ कोटी पौंड धाडतो, ते आपल्या दवाखान्यांस देऊ. त्या रकमेतली सूट तेथल्या तेथेच वजा होत होती, आणि आणखी पैसा शेतकऱ्यांस व मागास मुलखास मदत म्हणून परत येत होता. पण ते बसवर लिहिले नव्हते. सरकारी आकड्यांवर देखरेख करणाऱ्या मंडळाने हा आकडा दिशाभूल करणारा आहे असे तेव्हाच सांगितले. तरी बस फिरतच राहिली. उलट बाजूही धुतल्या तांदळासारखी नव्हती. बाहेर पडण्याचा नुसता कौल दिला तरी लगेच मंदी येईल, लाखो लोकांच्या नोकऱ्या जातील, असा धाक सरकारी खजिन्याने घातला होता. कौल झाला, आणि तसे लगेच काही झाले नाही. मग लोकांचा शहाण्यांवरचा उरलासुरला विश्वासही उडाला.

असो. १८ साली नोव्हेंबरात सोडचिठ्ठीचा कागद तयार झाला. तो ५८५ पानांचा! तो पार्लमेंटापुढे आला. १५ जानेवारी २०१९ रोजी ४३२ विरुद्ध २०२ मतांनी फेटाळला गेला. मार्चमध्ये तो आणखी दोनदा आला व दोन्ही वेळा पडला. तेव्हा सगळा देश कोंडवाड्यातल्या गुरांसारखा अडकला. पुढे जाववेना, मागे फिरवेना. याच वेळी तो प्रश्न निघाला, ज्यावर आज आम्ही लिहीत आहोत. हा बेत सोडून द्यावा काय?

सोडणे शक्य होते, हे विसरू नये. १० डिसेंबर २०१८ रोजी युरोपच्या वरिष्ठ न्यायालयाने निकाल दिला होता की, ब्रिटनने आपण होऊन नोटीस मागे घेतली तर संघास ती मान्य करावी लागेल. बाकीच्या देशांची परवानगी नको, आणि पहिल्या अटींवरच सभासदत्व चालू राहील. म्हणजे दार उघडे होते. मार्च २०१९ मध्ये नोटीस मागे घ्या म्हणून साठ लाखांहून अधिक लोकांनी पार्लमेंटाकडे अर्ज केला.

या लोकांचे म्हणणे थोडक्यात असे. कौल कायद्याने केवळ सल्ल्यापुरता होता. लोक फसवले गेले. शिवाय ज्यांनी बाहेर पडा म्हटले ते बहुतांशी कमी शिकलेले, म्हातारे, खेड्यातले व मोडक्या गिरणगावांतले. त्यांस यातले काय कळते? तेव्हा शहाण्या लोकांनी आता हा बेत गुपचूप मोडावा आणि देश वाचवावा.

यातला तोटा टाळण्याचा हेतू आम्हांस समजतो. पण हा उपाय आम्हांस मुळीच पसंत नाही. "त्यांस काय कळते?" हे वाक्य आम्ही ओळखतो. तुम्हीही ओळखता. शेतकऱ्यास काय कळते, चांभारास काय कळते, बायकांस काय कळते, असे म्हणूनच आमच्या वाडवडिलांस शाळेच्या पायरीवरून आणि सभेच्या दारातून परत पाठवले गेले. शिकलेल्याचे मत एक आणि न शिकलेल्याचेही एक, हा हक्क ज्यांनी झगडून मिळवला, त्यांनी विलायतेतल्या अडाण्याचा हक्क मोडताना टाळ्या वाजवू नयेत.

आणि त्या अडाण्यांस खरोखर काही कळत नव्हते काय? वेल्समध्ये एब्बू व्हेल म्हणून एक दरी आहे. तेथे पोलादाचा मोठा कारखाना होता. हजारो घरांची चूल त्यावर पेटे. २००२ साली तो कायमचा बंद झाला. पुढे युरोपच्या पैशातून तिकडे रस्ते झाले, इमारती झाल्या. ज्या जिल्ह्यात ही दरी आहे त्याने शेकडा ६२ मतांनी बाहेर पडा म्हटले! शहरचे शहाणे म्हणाले, पाहा हे कृतघ्न, ज्याने दिले त्यालाच लाथ मारतात. आम्ही म्हणतो, रस्ता झाला खरा. पण त्या रस्त्याने जावयास काम कोठे होते? ज्या माणसाच्या हातचे कसब गेले, ज्याचा पोरगा शहरात परागंदा झाला, त्यास कोणी वीस वर्षांत विचारले नव्हते. पहिल्यांदा विचारले तेव्हा तो "नको" म्हणाला. त्याचे उत्तर चुकीच्या दारावर आदळले असेल, पण त्याचे दुखणे खोटे नव्हते. अशा माणसाचा कौल न्यायालयाच्या किंवा पार्लमेंटाच्या मागच्या दाराने रद्द केला असता, तर त्यास जे पूर्वीपासून वाटत होते तेच पक्के झाले असते: आपल्यास विचारतात ते नावापुरते.

याचा अनुभवही आला. डिसेंबर २०१९ च्या निवडणुकीत उदारमतवादी पक्षाने उघड सांगितले की, आम्हांस बहुमत द्या, आम्ही लोकांस पुन्हा न विचारता नोटीस रद्द करू. त्या पक्षाचे अवघे ११ सभासद निवडून आले आणि खुद्द पुढारीणबाई पडल्या. संघात राहू इच्छिणाऱ्या पुष्कळांसही ही रीत आवडली नव्हती, असेच यावरून म्हणावे लागते.

आता दुसरा पक्ष पाहू. हे म्हणत, "कौल म्हणजे कौल. एकदा लोक बोलले की संपले. आता जो कागद येईल तो गिळा. जो अट विचारील तो लोकांचा वैरी." न्यायाधीशांनी पार्लमेंटास विचारल्यावाचून नोटीस देऊ नये असा निकाल दिला, तर एका दैनिकाने त्यांस जनतेचे शत्रू म्हणून छापले. पुढे बोरिस जॉन्सन मुख्य प्रधान झाले. त्यांनी पार्लमेंटच पाच आठवडे बंद ठेवण्याचा घाट घातला. २४ सप्टेंबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या अकराही न्यायाधीशांनी तो बेकायदा ठरवला.

हा दुसरा पक्ष लोकांच्या नावाने बोलतो, म्हणून तो लोकांचा कैवारी वाटतो. पण त्याची भाषा नीट ऐका. "मग हा अंगठा कोणाचा?" आमच्या आजोबांच्या सावकाराचीच ही भाषा! अंगठा तुझा, म्हणून मी मागाहून जे लिहीन ते तुझे. लोकांनी एका शब्दाचा कौल दिला आणि त्या एका शब्दाखाली ५८५ पाने कोणी भलत्यानेच लिहिली. त्या पानांस लोकांची संमती आहे असे म्हणणे हा निव्वळ सावकारी न्याय होय.

आपल्या मुलखात या सावकारी न्यायाविरुद्ध लोक उठले होते. १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारी शेतकऱ्यांनी सावकारांची खते ओढून काढून जाळली. ते लोण पुणे व नगर जिल्ह्यांत पसरले. तेव्हा सरकार जागे झाले, आणि १८७९ च्या कायद्याने शेतकऱ्याचे खत सरकारी नोंदणीदारासमोर व्हावे असे ठरले. त्यामागचे तत्त्व साधे होते. कर्ज घेऊ नको असे त्या कायद्याने शेतकऱ्यास सांगितले नाही, आणि कर्ज बुडव असेही नाही. तुझ्या नावावर काय लिहिले जात आहे हे आधी समजू दे, एवढेच सांगितले.

आमचे मतही याच तत्त्वाचे आहे. बाहेर पडण्याचा बेत शहाण्यांनी परस्पर मोडू नये, आणि हट्टी लोकांनी तो डोळे मिटून रेटू नये. तो थांबवावा, तयार झालेला कागद लोकांपुढे ठेवावा आणि विचारावे: "बाबांनो, तुम्ही बाहेर पडू म्हणालात. बाहेर पडण्याच्या अटी या अशा आहेत. या अटींवर जावयाचे, की पूर्वीसारखे राहावयाचे?" मग लोक जा म्हणाले तर निमूटपणे जावे, राहा म्हणाले तर बेत सोडून द्यावा. बेत सोडण्याचा अधिकार ज्याने तो केला त्याचाच. हे होऊ शकत होते. १ एप्रिल २०१९ रोजी हीच सूचना पार्लमेंटात आली आणि २९२ विरुद्ध २८० मतांनी पडली. अवघ्या बारा मतांनी!

यावर आक्षेप निघेल की, मनाजोगे उत्तर येईपर्यंत लोकांस पुन्हा पुन्हा विचारावयाचे काय? हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. तोच कागद, तोच प्रश्न, नुसते दमवण्यासाठी पुन्हा विचारणे ही लबाडीच आहे. पण कागद बदलला, किंवा मुळात नव्हता तो आता लिहिला गेला, तर पुन्हा विचारणे हा प्रामाणिकपणा आहे. १९९२ साली डेन्मार्कच्या लोकांनी संघाच्या नव्या करारास थोडक्या मतांनी नकार दिला. सरकारने तो नकार कचऱ्यात टाकला नाही. चलन, लष्कर इत्यादी चार बाबतींत आपल्यास सूट मिळवली आणि तो बदललेला कागद घेऊन १९९३ साली लोकांकडे परत गेले. लोकांनी होकार दिला. पहिल्या नकाराचा मान राहिला, कारण त्या नकारामुळेच अटी बदलल्या.

लांब कशास, खुद्द ब्रिटनचेच पाहा. १९७३ साली लोकांस न विचारता सरकार संघात शिरले, याबद्दल पुष्कळ कुरकुर होती. पुढच्या सरकारने अटी पुन्हा घासून घेतल्या, दोन्ही बाजूंची पत्रके घरोघर पाठवली आणि ५ जून १९७५ रोजी कौल घेतला. शेकडा ६७ मतांनी लोक राहा म्हणाले. त्या वेळी लोकांस आपण कशास हो म्हणतो ते ठाऊक होते. बापाने जे नीट केले ते लेकाने बिघडवले, असे म्हणावयाचे.

आमच्या शेजारचा दाखलाही आहे. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्याच्या लोकांस विचारले गेले, महाराष्ट्रात सामील व्हावयाचे की केंद्राच्या कारभाराखाली वेगळे राहावयाचे? एका बाजूस फूल, दुसरीस दोन पाने, अशी चिन्हे होती. मुख्यमंत्री बांदोडकर विलीनीकरणाच्या बाजूचे. कौलात सरकारी वजन पडू नये म्हणून त्यांचे मंत्रिमंडळ आधी पायउतार झाले. वेगळे राहण्याच्या बाजूने चौतीस हजारांवर मते अधिक पडली. निकाल महाराष्ट्रातल्या पुष्कळांस कडू लागला. पण तो सर्वांनी मानला, आणि आजवर कोणी म्हणाले नाही की लोकांस दोन्ही वाटा ठाऊक नव्हत्या. महाराष्ट्राचा कारभार शेजारी दिसत होता, आणि केंद्राचा कारभार घरात चालूच होता. दोन्ही कागद लिहिलेले होते. मग लोकांनी अंगठा केला.

ब्रिटनमध्ये तसे झाले नाही. डिसेंबर २०१९ मध्ये जॉन्सन साहेबांनी "काम उरकून टाका" अशा थाटाची हाक दिली. थकलेल्या लोकांनी त्यांस ६५० पैकी ३६५ जागा दिल्या. ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन बाहेर पडले. व्यापाराचा करार तर त्याच साली २४ डिसेंबरला ठरला. हजारांवर पानांचा तो करार पार्लमेंटाने ३० डिसेंबर रोजी एका दिवसात मंजूर केला. एका दिवसात! आमच्या शाळेतली मुले एवढ्या वेळात त्याची पानेसुद्धा मोजू शकली नसती.

मग कागदात काय निघाले? आधी नाखव्याचे पाहा. ब्रिटनचे कोळी बाहेर पडण्याच्या बाजूने सर्वांत मोठ्याने ओरडत होते. आपल्या दर्यात परदेशी होड्या नकोत, हे त्यांचे म्हणणे. करारात निघाले की, परदेशी होड्यांच्या मासळीतला केवळ चौथा हिस्सा साडेपाच वर्षांत परत मिळायचा. आणि १९ मे २०२५ रोजी नव्या सरकारने परदेशी होड्यांस आणखी बारा वर्षे, म्हणजे २०३८ पर्यंत, मुभा दिली. वर आणखी असे झाले की, काही किनाऱ्यांवरच्या जिवंत शिंपल्या, ज्या पूर्वी फ्रान्स-हॉलंडात नेऊन तेथे शुद्ध करीत, त्या नेण्यास जानेवारी २०२१ पासून बंदी झाली. ब्रिटन आता परका देश, आणि परक्याच्या शुद्ध न केलेल्या शिंपल्या संघ घेत नाही, असा नियम. नियम जुनाच होता. पण तो आपल्यास लागू होईल हे शिंपलीवाल्यास कोणी सांगितले होते?

शेतकऱ्याचे पाहा. संघाच्या तिजोरीतून ब्रिटनच्या शेतकऱ्यांस दरसाल तीन अब्ज पौंडांहून अधिक मदत येई. ती रीत चांगली होती असे आम्ही म्हणणार नाही. ती एकराच्या हिशेबाने मिळे. म्हणजे ज्याचे रान मोठे त्याचे ताट मोठे, आणि लहान कुणब्याच्या पानावर शितेच. ती बदलावी असे म्हणणारे बरोबरच होते. पण बदल कोणता, हे आधी सांगावयास हवे होते. इंग्लंडात ती मदत २०२१ पासून उतरत्या पायरीने कमी करून बंद करण्याचे ठरले, आणि तिच्या जागी रान, पाणी, झाडे राखण्याबद्दल पैसे देण्याची नवी योजना आली. डोंगरातल्या मेंढपाळास या नव्या कागदांचा मेळ बसवताना नाकी नऊ आले. त्यातच सरकारने ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड यांच्याशी करार केले. ३१ मे २०२३ पासून ते लागू झाले, आणि तिकडच्या मोठमोठ्या कळपांचे मांस टप्प्याटप्प्याने जकातीवाचून येऊ लागले. वेल्सचा धनगर म्हणाला असेल, "मी तर ब्रसेल्सचा कागद नको म्हणालो होतो, हा तर आमच्याच लंडनचा निघाला!"

परदेशी माणसे कमी यावीत म्हणून ज्यांनी मत दिले त्यांचे काय? युरोपातून येणारे कमी झाले, पण बाहेरून येणारे वाढले. २०२३ साली एका वर्षाचा निव्वळ आकडा नऊ लाखांवर गेला होता. येणारी माणसे वाईट होती असे आम्ही म्हणत नाही. त्यांत आपल्या हिंदुस्थानचेही पुष्कळ होते, आणि दवाखाने त्यांच्यावरच चालतात. आमचे म्हणणे एवढेच की, मतदारास जे सांगितले त्याच्या उलटे झाले.

यात आपल्या कोकणपट्टीचाही एक धागा आहे. १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांस व त्यांच्या मुलाबाळांस पोर्तुगालच्या कायद्याने तिकडचे नागरिकत्व मिळू शकते. त्या पासपोर्टावर हजारो गोवेकर ब्रिटनमध्ये गेले. स्विंडन गावात त्यांची मोठी वस्ती आहे. गुदामांत, कारखान्यांत ते राबतात. बाहेर पडण्याच्या एका कौलाने या माणसांस ३० जून २०२१ च्या आत अर्ज करून आपला राहण्याचा हक्क नव्याने नोंदवावा लागला. साष्टी-बारदेशातल्या आयांनी त्या वेळी किती काळजी केली असेल ते वाचकांनी ताडावे. मत देताना स्विंडनमधल्या इंग्रजाच्या मनात हे होते काय? कागदच नव्हता, तर मनात कोठून असणार?

उलट बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर आम्हीही त्या बसवाल्यांतले ठरू. बाहेर पडल्यावर ब्रिटन बुडाले नाही. आपल्या शेतीचे व मासेमारीचे कायदे आपण करावे, हा हक्क त्यास मिळाला. तो हक्क लहान नव्हे. आपल्या हिंदुस्थानशी २४ जुलै २०२५ रोजी जो व्यापारकरार त्याने सही केला, तो संघात राहून त्यास एकट्याने करता आला नसता. पण तेथल्याच सरकारी अंदाजखात्याचा हिशेब असा आहे की, बाहेर पडल्यामुळे देशाची उत्पादनशक्ती दीर्घ मुदतीत शेकडा ४ ने कमी राहील. स्वातंत्र्याची किंमत म्हणून कोणी ती आनंदाने देईल, कोणी देणार नाही. पण किंमत आधी सांगून मग सौदा करावा की नाही? बाजारात वांगी घेतानासुद्धा आपण भाव विचारतो.

आता वारे उलटे वाहू लागले आहे. बाहेर पडणे चुकले असे म्हणणारे तेथे अधिक झाले आहेत. ज्या शहाण्यांनी पूर्वी "बेत मोडा" म्हटले ते आता "परत शिरा" म्हणतात. त्यांस आमचे सांगणे तेच. परत शिरणे ही सुद्धा एकच एक वस्तू नव्हे. परत जावयाचे तर सर्व सभासद देशांची एकमुखी संमती लागते. पूर्वीची सूट मिळेल काय? आपले पौंडाचे नाणे राहील काय? मासळीचा वाटा किती? हे काही न सांगता "परत चला" म्हणून अंगठा घ्याल, तर तो दुसरा कोरा कागद होईल. एकदा फसलेला माणूस घाईने दुसऱ्यांदा फसवला, तर त्यास न्याय मिळाला असे कोणी म्हणत नाही.

शेतकरी बंधूंनो, कारागीर बंधूंनो, विलायत दूर आहे. पण हा धडा दूरचा नाही. आपल्या खेड्यांतही ग्रामसभेच्या वहीत आधी सह्या घेतात आणि ठराव मागाहून लिहितात, असे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. सोसायटीच्या कर्जाच्या फॉर्मावर फुलीच्या जागी सही करून रिकाम्या रकाने तसेच सोडणारे आमच्याकडे आजही निघतात. तेथे "काय कळते यांना" म्हणणारा आणि "सही तर तुमचीच" म्हणणारा, दोघेही भेटतात. दोघांपासूनही सावध राहा. पहिला तुमचे मत काढून घेतो. दुसरा तुमचे मत वापरतो.

आमच्या आजोबांचा तुकडा गेला तो परत आला नाही. पण त्यांनी त्याच साली आमच्या वडिलांस शाळेत घातले. वडील पुढे कोठेही सही करावयाची झाली की कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचीत. समोरचा कितीही घाई करो, चष्मा काढून पुसत, पुन्हा लावीत, आणि म्हणत, "आधी मजकूर लिहा. मी बसलो आहे."